काचेमागचा बिल्ला

शाळेच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात काचेमागे तो लाकडी बिल्ला दिसला. फादर चालवत असलेल्या आमच्या या शाळेत जो मुलगा मराठी बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. सुटायचं तर दुसऱ्याला मराठी बोलताना पकडून त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल, त्याला छड्या.

या जुलमावर मी झणझणीत पत्रक लिहिलंय. सकाळी फाटकावर वाटलंही.

"मस्त लिहिलंयस," शेजारी येऊन विल्सन म्हणाला. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, वसईचा. "चिमट्याचं तेवढं राहिलं बघ."

राहिलं नव्हतं, मी गाळलं होतं. त्या दिवशी सुटीच्या घंटेला पाच मिनिटं उरली होती, बिल्ला माझ्या गळ्यात होता. मी त्याच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. तो "आई गं!" ओरडला. ज्याच्या घरात प्रार्थनासुद्धा मराठीत होते, त्याने माझ्या छड्या खाल्ल्या.

जुलूम वरून येतो, हे मी सभांमधून ठणकावून सांगतो. खोटं नाही ते. पण फादरांनी फक्त बिल्ला दिला होता. चिमटा काढ, असं मला कुणीच सांगितलं नव्हतं.