सुकराम मास्तरांचा तर्काचा तास

सुकराम मास्तरांचं नाव निघालं की मला आजही आधी किळस येते. त्यांची नव्हे, आमची.

१९३४ साली नवापूरकडच्या डोंगरातल्या मिशन शाळेत ते आम्हा चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना तर्क शिकवायचे. कोपराला ठिगळ लावलेला कोट, आणि हट्ट असा की देवानं दिलेलं डोकं न वापरणं हेसुद्धा पापच. बायबलातली जन्मांध माणसाची गोष्ट ते दहादा सांगत. शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभू म्हणाला, कुणाचंच नाही.

"एकामागून दुसरं घडलं," मास्तर टेबलावर थाप मारत, "म्हणजे पहिल्यामुळे दुसरं घडलं असं होत नाही!"

या विषयात माझा पहिला नंबर असे.

त्या वर्षी चर्चचे पंच आमश्या यांची दोन नातवंडं तापानं गेली. दोघांनी भिकुबाईच्या हातची भाकरी खाल्ली होती. भिकुबाई म्हणजे आमच्या बोर्डिंगात रांधणारी विधवा. झालं, ही डाकण, म्हणजे चेटकीण, असा संशय तिच्यावर. आता ख्रिस्ती माणसं डाकण शोधून देणाऱ्या भगताकडे कशी जाणार? म्हणून या शहाण्यांनी भगताचं काम स्वतःच केलं. चर्चच्या ओट्यावर डोळे मिटून प्रार्थना केली, मग एकेका बाईच्या नावानं ज्वारीचा दाणा पाण्यात टाकला. ज्या नावाचा तरंगेल ती डाकण. भिकुबाईचा तरंगला, आणि वर हे सगळे आमेन म्हणाले! शिसारी येते नुसती.

मास्तरांनी त्याच पोत्यातले दाणे वर्गात आणून आम्हाला पाण्यात टाकायला लावले. आमश्यांच्या नावाचा तरंगला, खुद्द मास्तरांच्या नावाचाही तरंगला. फोडून पाहिले तर आत कीड.

"किडका कोण, दाणा की भिकुबाई?"

आम्ही खदाखदा हसलो. सगळ्यांना पटलं होतं.

मग मास्तरांनी भिकुबाईला आत बोलावलं. ती भाकरीची टोपली घेऊन उभी राहिली. दारात आमश्या आणि बाकीचे पंच होते.

"एका जरी पोरानं हिच्या हातची भाकरी खाल्ली, तर हिला राहू देतो असा पंचांचा शब्द आहे," मास्तर म्हणाले. "कोण खातो?"

भिकुबाईनं माझ्याकडे पाहिलं. आदल्या पावसाळ्यात मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा तिनंच मला पेज भरवली होती. मी खाली मान घातली. एकही हात पुढे झाला नाही. मास्तर जमिनीवर बसले आणि एकटेच भाकरी खाऊ लागले.

"तुम्ही नाही चालणार, मास्तर," आमश्या म्हणाले.

दुपारी भिकुबाई गाठोडं घेऊन डोंगर उतरून गेली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही.

वार्षिक परीक्षेत तर्काचा एकच प्रश्न आला: भिकुबाईला डाकण ठरवण्यात चूक कुठे झाली? मी तीन पानं भरली. मास्तरांनी शून्य दिलं. मी निर्लज्जासारखा भांडायला गेलो.

"मास्तर, माझ्या उत्तरात चूक दाखवा."

"चूक नाही," ते फळा पुसत म्हणाले. "पण हे उत्तर तुला त्या दिवशीही येत होतं."