राखेचं घर आणि मांजराचं दार

घर बांधून झालं की मागच्या अंगणात काही ना काही उरतंच. फुटकी कौलं, चार-सहा विटा, कुठेच न बसलेला एखादा वासा. कल्याणला तळ्याच्या अंगाला मी घर बांधलं तेव्हा हे सगळं उरलं, पण सगळ्यात मोठा ढीग किश्शांचा! मी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. दुपारी मालगाडी लेट असली की धक्क्यावरचे सोबती पानाचा डबा उघडतात आणि कोणीतरी म्हणतंच, "नाना, घराचं काहीतरी सांगा."

आता मला काय, निमित्तच हवं असतं.

*

आमचा गवंडी राघो, ठाकुर्लीचा. माझ्याहून वयाने मोठा आणि जिभेने फटकळ. मी ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनकडून घराचा झकास प्लॅन काढून घेतला होता. राघोने तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

"नाना, यात पोरं कुठं हायत?"

"अरे, प्लॅनमध्ये पोरं काढत नाहीत!"

"मंग घर कुनासाठी बांधताव?"

राघोची रीतच निराळी होती. रिकाम्या जागेवर चुलीतल्या राखेने तो अख्खं घर खऱ्या मापाचं आखायचा आणि घरातल्या मुलांना आठ दिवस त्यात मोकळं सोडायचा. पुढचं दार मालक म्हणेल तिथे. बाकीची दारं मात्र मुलांनी धावता-धावता जिथे रेघ पुसली असेल तिथे! मी म्हटलं, "आणि आम्ही मोठी माणसं कशाला आहोत?" तर म्हणतो, "मोठी मानसं रेघ बघून चालतात नाना. पोरं घर बघून चालतात."

मी कागदाची गुंडाळी करून खिशात घातली.

*

मुलं माझी तीन. यमू बारा वर्षांची, बाळा नऊचा, गोपू पाचाचा. आम्ही तेव्हा बाजारात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, त्यामुळे एवढं मोठं घर आपलं, ही गोष्टच त्यांच्या डोक्यात मावेना.

बाळाला घर नको होतं, त्याला स्टेशन हवं होतं. ओसरीला तिकिटाची खिडकी, कौलांवर सिग्नल. राखेच्या घरात पहिल्याच दिवशी त्याने शिट्टी मिळवली आणि स्टेशनमास्तर झाला. त्याच संध्याकाळी माझे थोरले बंधू जागा बघायला आले. दादा म्हणजे मोठं प्रस्थ. डोक्याला पगडी, हातात काठी, शास्त्राशिवाय बोलणं नाही. ते बोलत-बोलत सरळ चालत आले.

कर्कश्श शिट्टी वाजली. "काका! भिंतीतून आलात!"

दादांनी खाली पाहिलं, रेघ पाहिली. मग वळले, बाहेर गेले, पुढच्या दाराशी जोडे काढले आणि आत आले. आल्यावर मला म्हणाले, "विष्णू, दार जरा अरुंद वाटतंय."

*

गोपूचं मागणं एकच. मांजराला दार पाहिजे. माणसांना दारं आहेत, मग मांजराने काय करायचं? स्वयंपाकघराच्या रेघेपाशी त्याने बोटाने वीतभर राख पुसली आणि राघोकडून वचन घेतलं.

आमच्या मंडळींनी ते तिथल्या तिथे मोडीत काढलं. "मांजराला दार? मग दूध घरात राहील का?" असं म्हणून त्यांनी स्वतः मूठभर राख आणून ती वीत बुजवली. गोपू दोन दिवस आईशी बोलला नाही. जेवत होता, पण बोलत नव्हता.

*

यमूचं तिसरंच. ती स्वतःसाठी काही मागेचना. राखेच्या स्वयंपाकघरात तीन दगड मांडून लुटूपुटूचा स्वयंपाक करायची. एकदा मला हाक मारली. "नाना, चूल इथे नको. आईची पाठ दाराकडे येते. कोण आलं ते तिला दिसायचं नाही."

राघो मान डोलवत राहिला. चूल फिरवली. मग यमूनेच गोपूची झोपायची जागा पावसाच्या झडीपासून आत घेतली, माझी बैठक उजेडाकडे सरकवली. तिने घरातल्या प्रत्येकाची सोय लावली.

सहाव्या दिवशी राघो मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, दोघा पोरांनी मिळून विहिरीकडली रेघ पार पुसली, तिथं परसदार आला. पन थोरलीनं एक रेघ पुसली नाय. पाहुनी चालते तशी चालते."

मी यमूला विचारलं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, "मी कुठे राहणार आहे इथे, नाना? उगाच पुसली तर राघोबाला परत आखावी लागेल."

खरं होतं. ठाण्याचं स्थळ पक्कं झालं होतं, वैशाखात लग्न, आणि घर पुरं व्हायला ज्येष्ठ उजाडणार होता. ज्या घरात तिने सगळ्यांना बसवलं त्यात तिची एक रात्रही नव्हती. मला फार वाईट वाटलं. हे माझ्या आधी गवंड्याला दिसलं, याची लाजही वाटली. "अगं, तुझंच घर आहे," असं काहीतरी मी म्हणालो. ती हसली आणि रेघ ओलांडून गेली, परकराचा घोळ वर धरून.

*

लग्न झालं, यमू ठाण्याला गेली. नंतरचे आठ दिवस मी बांधकामाकडे फिरकलो नाही. दादांना, मंडळींना आणि मुलांना घेऊन गेलो तेव्हा भिंती छातीपर्यंत आल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या स्टेशनकडच्या भिंतीत माणूस जाईल एवढी फट!

"राघो, हे काय?"

"दार."

"कोणी सांगितलं तुला?"

"थोरलीनं. पाया खोदायच्या आदल्या दिशी आली, इकडंतिकडं बघितलंन आन पायानं येवढीच रेघ पुसलीन. मी बघितला ते तिला ठावं नाय." आणि तो पुन्हा थापीने चुना ओढू लागला.

मी ती फट हाताने चाचपून पाहिली. दादांनी मात्र दारं मोजली. "पुढचं एक, परसदार दोन, हे तिसरं. दारं सम हवीत, विषम चालत नाहीत. हे बुजवा." दादांचा शब्द आमच्याकडे आजवर कोणी मोडलेला नाही. मी मान खाली घातली. आमच्या मंडळी नुसत्या त्या फटीकडे बघत उभ्या होत्या.

मग पदर खोचून त्या पुढे झाल्या. "राघोबा, ते मांजराचं दारही करा हो. आजच करा."

दादांनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. चार. काठी उचलली आणि पुढच्या दाराने निघून गेले. गोपूने त्या दिवशी आईला मिठी मारली ती सोडेचना.

*

श्रावणात पंचमीसाठी यमूला आणायला बाळा मुऱ्हाळी म्हणून ठाण्याला गेला. लग्नानंतर ती पहिल्यांदाच येत होती, आणि नवं घर तर तिने पाहिलंच नव्हतं. दाराचं आम्ही तिला काही कळवलं नव्हतं. बाळालाही तंबी दिली होती.

आम्ही सगळे पुढच्या दारात. दादासुद्धा मुद्दाम आलेले. मंडळींच्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज घरामागून, स्टेशनच्या वाटेने आला, मध्येच थांबला, मग पुन्हा वाजू लागला. गाडी वळून पुढे आली. गाडीत गाठोडं, आणि गाठोड्याशेजारी एकटा बाळा, दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत!

"अरे, यमू कुठाय?"

तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आई! अगं दूध उघडं काय ठेवलंयस? मांजर आलंय ना आत!"