कमरेला नसलेलं रिव्हॉल्व्हर

मंडळी, गेले कित्येक दिवस एका रिव्हॉल्व्हरने मला वेड लावलंय. त्यात चक्क शिकारीच्या बंदुकीचं छर्ऱ्यांचं काडतूस बसतं. व्हिडिओत पाहिलं, छर्रे पांगतात, त्यामुळे नेम धरावाच लागत नाही. बागेतल्या सापांसाठी याहून सोपं काय असणार?

आज सकाळी सावद्याच्या आमच्या केळीच्या बागेत त्याच तंद्रीत चाललो होतो. पानांतून हिरवा उजेड झिरपत होता, दव टपटपत होतं, आणि मनातलं ते रिव्हॉल्व्हर माझ्या कमरेला मस्त झुलत होतं. समोर माझे काका, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वाकून ठिबकची नळी जोडत होते.

आमच्या दोघांच्या मधल्या वाळल्या पानांत कुकरच्या शिट्टीसारखा आवाज झाला. घोणस! माझा हात खरोखर कमरेकडे गेला.

"आबा, हलू नका!"

आबा होते तसेच थांबले. घोणस जराशी थबकली आणि सावकाश बांधाकडे निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी म्हणालो, "आबा, ते रिव्हॉल्व्हर असतं ना, तर उडवलीच असती तिला."

आबांनी शांतपणे विचारलं, "अन् तिच्या मांगे काय होतं रे, भाऊ?"

मी पाहिलं. तिच्या मागे आबांचे अनवाणी पाय होते.

तेव्हापासून कमर रिकामी रिकामी वाटतेय. नेम धरावा लागत नाही हे खरंच. पण तुम्हीच सांगा, बागेत आपण एकटे कधी असतो?