खुंटीवरचा परका कोट

गेनोवेफाबाईंनी एकतीस वर्षं पोलंडमधल्या टार्नूवच्या नाट्यगृहात लोकांचे कोट सांभाळले. हिवाळ्यात एका प्रयोगाला चारशे कोट आणि प्रत्येकामागे क्रमांकाचा एक पितळी बिल्ला. एवढ्या वर्षांत एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही, आणि हे त्या कोणीही न विचारता सांगत. कॉलरच्या आत टांगायचा बंद नसला की मात्र त्यांचा पारा चढायचा. मग समोर नगराध्यक्ष असो की कालचा नवरदेव, घरात सुईदोरा नाही का, एवढं ऐकूनच त्याला नाटकाला जाऊन बसावं लागे. गाव त्यांना वचकून असे. बाईंना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

अशा बाई गेल्या ऑक्टोबरात गॅस चालू ठेवून चर्चला गेल्या. पुढच्याच आठवड्यात, जिच्याशी चाळीस वर्षं भांडत आल्या त्या शेजारणीचं नाव त्यांना ऐन भांडणात आठवेना. शेजारणीचा राग तिथल्या तिथे उतरला आणि तिने व्हिएन्नाला दोरोताला फोन लावला. दोरोता म्हणजे बाईंची एकुलती एक लेक, तिथे दातांच्या दवाखान्यात नोकरीला. तिने आईला नाताळाला म्हणून आणलं आणि फेब्रुवारी उजाडला तरी परत पाठवायचं नाव काढेना. टार्नूवचं घर विकून टाकू, असं आडून आडून चाललेलं. बाई तिच्यावर डाफरायच्या, पण आतून त्याही हादरल्या होत्या. आपलं डोकं खरंच सुटत चाललंय की काय, हे विचारायचं तरी कोणाला?

शेवटी न्याहारीला भांडण होऊन एक करार झाला. दोरोता त्यांना सकाळी मोठ्या कलासंग्रहालयाच्या दारात सोडणार आणि चारला न्यायला येणार. "अख्खा दिवस एकटी नीट राहिलीस आणि चारला कोटाच्या काउंटरपाशी भेटलीस, तर सोमवारी घरी जा," दोरोता म्हणाली. "नाहीतर घर विकायचं, आणि मग कुरकुर नाही." बाईंनी पाव, उकडलेली अंडी आणि लोणच्यातली काकडी कागदात बांधून घेतली आणि निघाल्या.

दिवस मोठा झकास गेला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्यामागे कोणी "आई, जपून" म्हणत फिरत नव्हतं. चित्रांतलं त्यांना फारसं कळत नव्हतं, आणि न कळल्याचं दुःखही नव्हतं. राजेमहाराजांच्या तसबिरींसमोर उभं राहून त्या नुसते कपडे बघत होत्या. मखमलीचा एवढा जड झगा एका खुंटीला झेपायचा नाही, दोन लागतील. त्या सरदाराची केसाळ कॉलर कसरीने खाल्लीय, आणि चित्रकाराने इमानदारीने तीही काढलीय. एका दालनात बाकावर बसून रखवालदाराची पाठ वळल्यावर त्यांनी अंडी खाल्ली. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, येताना परत मोजल्या, आकडा तोच आला. डोकं शाबूत होतं.

साडेतीनला त्या खाली आल्या. काउंटरवर झेल्मिरा नावाची स्लोव्हाक बाई होती, दुपारच्या पाळीची. पोलिश आणि स्लोव्हाक या भाषा सख्ख्या चुलत बहिणी, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. बाईंनी खिशातला बिल्ला दिला. झेल्मिराने आतून कोट आणून समोर ठेवला. तपकिरी, जाडजूड, पुरुषाचा.

बाई बघतच राहिल्या. हा माझा नाही, माझा करडा आहे, कॉलरला काळी फर आहे, आतल्या खिशात पासपोर्ट आहे, असं त्यांनी सांगितलं. झेल्मिराने आत डोकावून पाहिलं. तसा कोट होता, दूर दुसऱ्या रांगेत, वेगळ्या क्रमांकाखाली.

"मावशी, बिल्ला याचाच आहे," ती म्हणाली. "त्याचा बिल्ला आल्याशिवाय तो कोट मला देता येत नाही. तुम्हाला राग येईल..."

"राग कसला? तुझ्या जागी मीही दिला नसता."

बाई तो परका कोट मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसल्या. हरवलेल्या वस्तूंसाठी संत अंतोनीला साकडं घातलं आणि सकाळ आठवायला लागल्या. गर्दी होती, कोट दिला, बिल्ला घेतला. तिथून पुढे एकदम पहिलं दालन. मधलं सगळं पुसलेलं. दुसऱ्याचा बिल्ला आपल्या खिशात आला कसा? नाव विसरणं वेगळं. पण कोट?

दहा मिनिटं आधीच दोरोता आली. आईच्या मांडीवरचा कोट तिने पाहिला, मग आईकडे पाहिलं. तिची ती नजर बाईंना बोलण्यापेक्षा जास्त लागली. झेल्मिराला हाताशी धरलं असतं तर लेकीपुढे काहीतरी सारवासारव करता आली असती. पण कोटाच्या बाबतीत बाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या.

"माझा कोट आत आहे आणि बिल्ला भलत्याचाच आहे," त्या म्हणाल्या. "कसा ते मला आठवत नाही, दोरोता."

दोरोता शेजारी बसली. तिने आईचा हात हातात घेतला. तेच वाईट होतं.

तेवढ्यात मिशाळ, ठेंगणा असा एक म्हातारा हातात बिल्ला खेळवत काउंटरकडे आला. बाईंना पाहून थबकला, खुशीत हसला आणि जर्मनमध्ये भराभरा बोलायला लागला. बाईंना एक शब्द कळेना. त्या लेकीचं तोंड वाचत बसल्या. दोरोताने दोनदा काहीतरी विचारलं, मग तोंडावर हात धरला.

"काय म्हणतोय? सांग की."

"म्हणतोय, सकाळी गर्दीत त्याने कोट काउंटरवर टाकला. तू तो उचललास, झटकलास, कॉलर उलटून त्याला काहीतरी फैलावर घेतलंस आणि कोट आतल्या मुलीकडे सरकवलास. मग त्याच्या तळहातावर बिल्ला ठेवून त्याची मूठ मिटलीस. त्याला वाटलं, तू इथेच कामाला आहेस." दोरोता आईकडे वळली. "आई, तू त्याला तुझाच बिल्ला दिलास."

"बंद तुटला होता," बाई एकदम म्हणाल्या. त्यांनी मांडीवरचा कोट उलटा केला. बंद खरंच तुटलेला, एका टोकाला लोंबत होता. "सुईदोऱ्याचं बोलले मी त्याला! आठवलं की सगळं. आणि त्या मुलीने त्याचा बिल्ला पुढे केला, तो मी खिशात टाकला." त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं. डोकं जागच्या जागी होतं, आगाऊपणा केला होता तो हातांनी.

दोरोता तर डोळे पुसत हसत होती. हसता हसताच म्हणाली की दोन महिने तिला धड झोप नाही, आईपेक्षा तीच जास्त घाबरली होती. झेल्मिराने दोन्ही बिल्ले टांगले आणि करडा कोट आणून दिला. बाईंनी म्हाताऱ्याला रीतीने कोट चढवून दिला आणि बंदाबद्दल पुन्हा एकदा सुनावलं.

मग दोरोताने आईचा कोट मागून धरला. आपल्यासाठी दुसऱ्या कोणी कोट धरायची बाईंना सवय नव्हती. डावी बाही सापडायला वेळ लागला. दोरोता घाई न करता थांबली.

"सोमवारची बस सकाळी सातची आहे," ती मागूनच म्हणाली. "जाता जाता तिकीट काढू."