झोक्याची फांदी

बाळांनो, समोरच्या डोंगरावर यंदाही वणव्याची काळी पट्टी उमटली आहे. दरवर्षी ती थोडी खाली सरकते. काल शेजारच्या सखूने घराभोवतीचा पाचोळा झाडून काढला आणि छपरावर आलेली आंब्याची फांदी दाखवली.

"काकू, हिच्यावरनं आग थेट घरावर येईल. नातवंडांच्या झोक्यासाठी किती वर्षं ठेवणार? नातवाला मिशा फुटल्या असतील आता!"

मी हसले आणि होकार दिला. जंगलाशेजारी नांदायचं तर त्याच्यापासून थोडं अंतर राखावंच लागतं. अंतराची मला सवय आहे.

फांदी अंगणात पडल्यावर तुमच्या दोरीचा वळ शोधला. सालीने तो कधीच भरून काढला होता.