शिस्तीचा संप

जमादारांनी युनियनचं शिक्षण पोलिसात घेतलं, असं मी म्हटलं की लोक हसतात. पण खरंच तसं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या कारखान्यात संप झाला की गेटवर बंदोबस्ताला जमादार हजर. बाकीचे पोलीस झाडाखाली तंबाखू मळत बसायचे, जमादार मात्र पुढाऱ्यांची भाषणं कान देऊन ऐकायचे. ऐकून ऐकून सगळी पाठ झाली. मग एकदा वरच्यांशी कशावरून तरी बिनसलं, वर्दी उतरली, आणि ज्या गेटवर काठी घेऊन उभे राहायचे तिथेच माइक घेऊन उभे राहू लागले. कामगारांकडे तोंड करून उभं राहायची सवय होतीच.

सत्तरीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. आमचे हे दिघ्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. वाशीतली नवीकोरी सोसायटी, इंग्रजी शाळेत घातलेली दोन मुलं, आणि 'मुलगा मुंबईला असतो' असं गावभर सांगत फिरणारे कोकणातले सासरे, हे सगळं त्या एका नोकरीवर उभं होतं. त्या कारखान्यात जमादारांची युनियन आली. गेटवरचे हवालदार जुन्या ओळखीनं त्यांना रामराम घालायचे आणि आमची भोळी मंडळी एकमेकांना कोपरखळ्या मारायची, "बघ, पोलीस पण टरकतात आपल्या साहेबाला!" कोण कोणाला टरकत होतं ते पुढे कळलं.

जमादारांच्या युनियनमध्ये आधी कवायत, मग घोषणा. गेट मीटिंगला शिट्टी वाजली की तीन-तीनच्या रांगा करायच्या. सावधान, विश्राम, पीछे मूड. पोट सुटलेले फिटर आणि जाड चष्म्याचे स्टोअरकीपर टाचा जुळवून उभे. आमचे हे सुरुवातीला कुरकुरले, पण मग त्यांना ते आवडायलाच लागलं. एकदा मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर हे दारात येऊन सावधान उभे राहिले. मी म्हटलं, "एवढी शिस्त जरा कणीक मळताना दाखवा."

ऐंशी साल उलटल्यावर मालकानं कामाचे तास वाढवले आणि संप झाला. पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्यात भाजी बंद झाली, तिसऱ्यात वरण पातळ झालं. मालकानं मग बाहेरची माणसं भरायचं ठरवलं. कळंबोलीहून ट्रक येणार अशी पक्की बातमी होती. ते ट्रक गेटच्या आत गेले की संप संपला आणि ह्यांची नोकरीही संपली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जमादारांनी फर्मान काढलं की सगळ्यांनी गेटसमोर रस्त्यावर बसायचं, घरची मंडळीही आणायची. मला स्वतः म्हणाले, "वहिनी, टेन्शन घेऊ नका. ट्रक माझ्या अंगावरून जाईल, पण आत जाणार नाही."

मी बसले. माझ्या शेजारी दिवाळे गावची एक कोळीण होती, तिचा मुलगा त्याच कारखान्यात होता. उन्हानं डांबर तापलं होतं, तरी मनातून बरं वाटत होतं. एवढी माणसं बघून कोण ट्रक घालणार?

ट्रक आले, त्यांच्या पुढे पोलिसांची जीप. जमादार छाती काढून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. जीपमधून पिकल्या मिशांचे एक अधिकारी उतरले. नेमके ते जमादारांचे जुने साहेब निघाले. झालं! जमादारांच्या टाचा खाडकन जुळल्या, हात कपाळाला गेला. घरच्या माणसाला सांगावं तसं ते अधिकारी म्हणाले, "जमादार, रस्ता मोकळा करून घ्या."

"जी सर!" आणि जमादारांनी शिट्टी फुंकली.

आमची सगळी फौज उठली. तीन-तीनच्या रांगा झाल्या, पीछे मूड झालं, आणि मंडळी पावलात पाऊल टाकत कडेला जाऊन उभी राहिली. लाठी नाही की धक्काबुक्की नाही. एका पोलिसानं तर कौतुकानं मान डोलावली.

रस्त्यात उरलो आम्ही बाया. आम्हाला कवायत कुणी शिकवलीच नव्हती. जमादार हात जोडत आले, "ताई, उठा. साहेबांनी शब्द दिलाय, संध्याकाळी चर्चा आहे."

कोळीण म्हणाली, "तुजा सायेब हाय, आमचा कोन हाय तो? आमी नाय उठनार."

मग जमादारांनी आमचे नवरे आणि मुलगे पाठवले. तेही रांगेत आले. हे माझ्याजवळ वाकून म्हणाले, "ऊठ ना, सगळे बघतायत."

"बघू देत. ट्रक आत गेले तर उद्या काय करणार?"

"साहेब म्हणतायत ना."

मला जमादारांचा नाही, ह्यांचा संताप आला. ह्यांच्याच पोटापाण्यासाठी मी तापल्या डांबरावर बसले होते आणि हेच मला दंडाला धरून उठवत होते. कोळणीला तिच्या मुलानं उचलूनच नेलं. ट्रक आत गेले.

संध्याकाळी जमादारांनी 'शिस्तबद्ध माघार हाच आपला विजय' असं भाषण ठोकलं आणि वर गुलालही उधळला. मालकानं नंतर काही निवडक कामगार परत घेतले. आमचे हे निवडक नव्हते.

जमादारांचं मात्र नशीब फळफळलं. गर्दी जमवणारे पुढारी पैशाला पासरी मिळतात, पण जमलेली गर्दी एका शिट्टीत पांगवणारा लाखात एखादाच, हे पक्षाच्या लोकांनी ओळखलं. तिकीट मिळालं आणि ते आमदार झाले. आमच्या सोसायटीनंही भरभरून मतं दिली. ह्यांनी दिलं की नाही ते मी विचारलं नाही, कारण उत्तर ठाऊक होतं.

आमदारसाहेबांनी मग वाशीत मांडव घालून 'लढ्यात नोकरी गमावलेल्या कामगारांचा' सत्कार ठेवला. हे तेव्हा कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मिळेल ते काम करत होते, मी साड्यांना फॉल लावत होते. मी ठरवूनच गेले. ह्यांच्या खांद्यावर शाल पडली तशी मी मंचावर चढले आणि म्हटलं, "साहेब, शाल राहू द्या. ह्यांना कामावर परत घ्यायला सांगा. आता तुमचा एक फोन पुरे."

आमदार हसले. माइक जवळ ओढून म्हणाले, "वहिनी, असं कसं? नोकरी गेली म्हणून तर सत्कार आहे! परत लागली तर शाल काढून घ्यावी लागेल."

मांडवात हशा पिकला, टाळ्या पडल्या. नारळ काखेत धरून आमच्या ह्यांनीही वाजवल्या.