हिशेब विभागातल्या गोड बाई

सरकारने नोकरभरती बंद केली आणि एकेक जण निवृत्त होत पेन्शन कचेरीत माझी मावशी एकटी उरली. वरून नवं माणूस येईना. खुर्च्या मोजायला मात्र दरवर्षी साहेब हजर. फोन आला की मावशी खेकसायची, "थांबा, हिशेब विभागाला जोडते." मग टेबल बदलून, आवाज मऊ करून स्वतःच बोलायची. कचेरी ओस पडलीय हे कळून म्हाताऱ्यांचा धीर सुटू नये, एवढंच.

एकदा एक आजोबा म्हणाले, "तुमच्यापेक्षा त्या हिशेबातल्या बाई किती गोड. जेवल्या का, विचारा त्यांना."

"विचारते," मावशी म्हणाली.

फोन ठेवून ती त्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिथेच तिने डबा उघडला.